विजा ऐकणारा टेलिफोन : सड्यावरच्या कामाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी

घरी पोचले. राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याला आमचं जुनं घर. आजी एकटी असते, चुलत दादा दोन घरं पलीकडे. पावसाळा लागेपर्यंत माझा मुक्काम इथेच.

करायचं ते असं : पडवीतल्या भिंतीवर जुना काळा, डायलचा टेलिफोन. रिसीव्हर उचलून कानाला लावला की कुठेतरी हजार-दोन हजार किलोमीटरवर पडणाऱ्या विजा ऐकू यायला हव्यात. साठवलेलं काही नाही, त्या क्षणी चाललंय तेवढंच.

वीज पडली की उजेड आणि गडगडाटाबरोबर रेडिओलहरीही निघतात. त्यांचा जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या कानाच्याच टप्प्यात. फक्त ती हवेची कंपनं नसतात, म्हणून कानाला कळत नाहीत. तारेचं वेटोळं, एक अॅम्प्लिफायर आणि कानाशी काहीतरी, एवढ्यावर भागतं. ट्यूनिंग लागत नाही. जगभरात सेकंदाला सरासरी ४४ च्या आसपास विजा चमकतात, तेव्हा मालाची टंचाई नाही. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं आणि काम आवाजाचं, त्यामुळे हे महिन्याभरात उरकेल असा हिशेब करून आले होते.

२२ फेब्रुवारी

तीन दिवस पाण्यात.

सुरुवात उभ्या काठीच्या अँटेनाने केली, कारण तो बांधायला सोपा. पण त्याला चांगलं अर्थिंग लागतं, आणि आमच्याकडे बोटभर मातीखाली सरळ जांभा. तीन ठिकाणी पहार मारून बघितली. दोन ठिकाणी वीतभर गेली, तिसरीकडे पहारच वाकली. ती दादाची. लोहाराकडून सरळ करून आणायचे १५० रुपये गेले, वर "कातळात पहार मारतात होय?" हे फुकट ऐकून घेतलं. मग तांब्याची तार विहिरीत सोडली. अर्थिंग झकास मिळालं, पण त्याच विहिरीत पंप आहे. कानात पंपाशिवाय काही नाही.

कोकणात कुणी हे करणार असेल तर काठीच्या नादी लागू नका. वेटोळ्याला अर्थिंग लागत नाही. सरळ तेच करा.

२७ फेब्रुवारी

वेटोळं. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) दोन काठ्या आडव्या-उभ्या सुंभाने बांधून फुली केली. चौकोनाची बाजू १.२ मीटर, ४० वेढे, म्हणजे १९२ मीटर तार. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून २४ गेजची वाइंडिंग वायर घेतली, अर्धा किलो, ५२० रुपये. त्याने विचारलं, "कुठली मोटर, कितीची?" मोटर नाही, विजा ऐकायच्यात म्हटल्यावर त्याने वजनात जरा सूट दिली. दया आली असावी.

वेढे मोजताना आजीने जेवायला हाक मारली आणि आकडा विसरले. ४० असतील किंवा ४१. फरक पडत नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. तारेच्या टोकावरचं इनॅमल न खरवडता सोल्डर केलं. वरून जोड चकचकीत, आत संपर्क शून्य. अर्धा दिवस अॅम्प्लिफायरला शिव्या घातल्या, मग मल्टिमीटर लावला. टोकं पॉलिश पेपरने घासल्यावर वेटोळ्याचा रोध १३-१४ ओहम आला, हिशेबाप्रमाणे. आधी मीटर, मग शिव्या.

५ मार्च

अॅम्प्लिफायर झाला. एनई५५३२ ही चिप, दोन टप्पे, प्रत्येकी ३३ पट. सामान ३४० रुपयांचं, ते मी पुण्याहूनच आणलं होतं. राजापुरात शोधायला गेले असते तर गाडीभाडंच तेवढं झालं असतं.

हेडफोन लावला आणि बाईच्या खणखणीत आवाजात प्रादेशिक बातम्या! विजांच्या जागी आकाशवाणी. एवढं मोठं वेटोळं मध्यमलहरीही गोळा करतं, आणि पहिलाच टप्पा आपोआप रेडिओ होऊन बसतो. आजी खूश, तिला वाटलं काम झालं. इलाज सोपा : तोंडाशीच १ किलोओहमचा रोध आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. म्हणजे १५९ किलोहर्ट्झच्या वरचं गळायला लागतं. शिवाय तारेवर फेराइटचा एक मणी. बातम्या गेल्या. आजी म्हणाली, बिघडवलंस.

१० मार्च

बातम्या गेल्यावर खरा शत्रू दिसला, लायटीचा हम्म्. ५० हर्ट्झ आणि त्याची सगळी पिलावळ : १५०, २५०, ३५०, वर कितीतरी. अंगणात ठेवलं तर दुसरं काही ऐकूच येत नाही. घरापासून ऐंशी पावलांवर कलमाच्या झाडाखाली नेलं तर हम्म् थोडा बसला, पण त्यात चर्रर्र मिसळलं. शोधलं तर ते गोठ्यातल्या एलईडी बल्बचं. तो बंद केला तर लॅपटॉपच्या चार्जरचं. चार्जर काढला तर दादाच्या मोबाइलच्या चार्जरचं.

त्यातच शिमगा. पालखी घरी यायची होती, मग चार दिवस कशालाच हात लावला नाही.

२३ मार्च

आज ऐकू आलं.

रात्री नऊच्या सुमाराला कलमाखाली हेडफोन लावून बसले होते. हम्म् इतका सवयीचा झालेला की तो ऐकतेय हेही विसरले होते. एकदम लाईट गेली. घरचे दिवे गेलेले मी नंतर पाहिले. आधी कान मोकळे झाले. कुणी डोक्यावरून जड घमेलं उतरवून घ्यावं तसं.

आणि मग तडतड. सारखी नाही : एक, दोन, मग मूठभर एकदम, मग गप्प. मधूनच त्या तडतडीला शेपूट फुटायचं. च्यूं. च्यूं. वरून खाली घसरत येऊन मध्येच लोंबकळल्यासारखं थांबणारं. याला ट्वीक म्हणतात. विजेची लहर जमीन आणि सुमारे ८५ ते ९० किलोमीटर उंचीवरचं रात्रीचं आयनांबर (हवेचा विद्युतभारित थर) यांच्यामध्ये आपटत लांबून येते, आणि १.७ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग सगळ्यात मागे रेंगाळतो. दिवसा हे ऐकूच येत नाही. म्हणजे इतके दिवस मी दुपारी धडपडत होते तेही फुकटच.

बावीस मिनिटं रेकॉर्ड झाली. त्यात तीन घरांचे इन्व्हर्टर एका बाजूने भुणभुणतायत, पण ठीक. बावीस मिनिटांनी लाईट आली आणि सगळं बुडालं. गावात लाईट आल्यावर पोरं ओरडली, मी कपाळाला हात लावला.

आता प्रश्न एवढाच : लाईट जायची वाट न बघता ही शांतता कुठे मिळेल?

२८ मार्च

उत्तर डोक्यावरच होतं. सडा.

या बाबतीत आपण पहिले नाही. मुंबईच्या कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मोजमापं निकामी होतील हे कळलं, आणि १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम वेध घेतले, म्हणजे जुने आकडे नव्याशी जोडता यावेत. ट्राम १९०७ मध्ये धावली. विजेपासून पळून कोकणात यायची रीत एवढी जुनी आहे. फक्त तेव्हा अलिबाग पुरलं.

तीन दिवस वेटोळं खांद्यावर घेऊन सडाभर हिंडलो, दादा आणि मी. दर शंभर पावलांवर थांबायचं, हेडफोन लावायचा, वहीत दहापैकी गुण लिहायचे. गुराख्याने विचारलं पाणी शोधताय का. हो म्हटलं, सोपं पडतं.

रिसीव्हर नीट चालतोय का हे तपासायची एक युक्ती सांगते. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवला की २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं फाइलमध्ये येतं. लॅपटॉपवर (बॅटरीवर चालवून!) स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती जोर आहे त्याचं चित्र, काढला की १८.२ किलोहर्ट्झवर एक सरळ रेघ दिसायला हवी. तो तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे असलेला नौदलाचा ट्रान्समीटर. इतक्या कमी वारंवारितेच्या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खाली शिरतात, म्हणून पाणबुड्यांशी बोलायला त्या वापरतात. आपल्याला त्यातलं अक्षर कळणार नाही, पण रेघ दिसली की आपलं वेटोळं जिवंत आहे हे कळतं. वेटोळं गोल फिरवा : एका दिशेला रेघ ठळक, काटकोनात जवळजवळ गायब. ही गायब होणारी दिशा लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

जागा ठरली. घरापासून ४६० मीटर, वहीत आठ गुण. नऊ गुणांची जागा होती, पण तिथे कातळशिल्पं आहेत. कोकणातली अशी शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण यादी नसती तरी तिथे खुंट्या ठोकायची छाती झाली नसती. आठ गुणांच्या जागेवरही ठोकलं काहीच नाही. वेटोळ्याच्या पायाला जांभ्याचे चार चिरे रचले, वाऱ्यात हलत नाही.

३ एप्रिल

आवाज खाली आणायचा. वायफायने आणता आला असता, पण मग सड्यावर पुन्हा गोंगाट करणारं यंत्र नेऊन बसवायचं. टेलिफोन आहे तर तारेनेच येऊ दे. टेलिफोनवाले वापरतात ती दोन रंगांची पीळ घातलेली जंपर वायर, ५०० मीटर, २,४०० रुपये.

पहिल्यांदा सरळ जोडली आणि गावाजवळच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये तारेनेच हम्म् गोळा केला. वर एक आणि खाली एक असे दोन ६०० ओहमचे ट्रान्सफॉर्मर लावले, जोडी ५६० रुपये. दोन्ही तारांत सारखाच शिरलेला हम्म् एकमेकांत वजा होतो. पीळ घातलेलीच वायर घ्या असं का सांगतात ते इथे कळलं.

वायर कलमांतून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, दगडांच्या फटीत दाबत आणली. सड्यावर मात्र गवतातून तशीच सोडली. हे वाक्य लक्षात ठेवा.

८ एप्रिल

मूर्खपणाची नोंद. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी (१,१५०) आणि तिला चार्ज करायला सोलर पॅनल व कंट्रोलर (१,९००). कंट्रोलर लावल्याबरोबर सकाळी दहा ते पाच कानात गिरणी. रात्री काढून ठेवायचा तर रोज ४६० मीटर चढा आणि उतरा.

चार दिवस चढ-उतार केल्यावर मोजायचं सुचलं. अॅम्प्लिफायर खातो किती? १० मिलिअँपिअर. म्हणजे कागदावर ७०० तास, जवळजवळ महिना. प्रत्यक्षात तीन आठवडे धरा. पॅनल लागतच नव्हतं. हा गुणाकार दुकानात उभ्या-उभ्या करता आला असता. पॅनल आता दादाच्या गोठ्यात दिवा लावतोय.

१४ एप्रिल

टिक. टिक. टिक.

रात्री साडेअकरापासून. तडतडीच्या वर, घड्याळासारखं, सेकंदाहून किंचित जास्त अंतराने. इतकं नियमित निसर्गात काय असतं? पहाटे तीनपर्यंत ऐकत बसले. लहर कुठून येते, पल्सर (घड्याळासारख्या नियमित लहरी सोडणारा तारा) वगैरे डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. पल्सर या वारंवारितेत ऐकू येत नाहीत हे मला माहीत आहे. पहाटे तीनला माहीत नव्हतं.

१६ एप्रिल

पल्सर तात्यांच्या काजूबागेत सापडला. झटका मशीन. रानडुकरांसाठी बागेभोवती तार ओढलीय आणि रात्री मशीन त्यात दर सेकंदाला झटका सोडतं. बागेला फेरी घालणारी तार म्हणजे माझ्या वेटोळ्याचा थोरला भाऊच, फक्त तो ऐकत नाही, ओरडतो.

तात्यांकडे गेले. सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "बाय, तुझ्या विजा आभाळात पडतत. माझे काजू जमनीवर पडतत. डुकर काय खाता ता तूच सांग." विषय संपला.

मग ती गायब होणारी दिशा वापरली. वेटोळं असं फिरवलं की तात्यांची बाग बरोबर काटकोनात येईल. टिकटिक मेली नाही, पण तडतडीच्या खाली गेली. अडचण अशी की वेटोळ्याला बहिरी दिशा एकच असते आणि माझे शत्रू दोन. ती तात्यांना दिल्यावर गावाच्या लायटीचा उरलेला हम्म् पुन्हा डोकं वर काढतो. त्याचं काय करायचं ते सुचलेलं नाही.

२५ एप्रिल

वणवा.

दुपारी सड्यावर धूर दिसला. कुणी लावला, कसा लागला, कुणीच सांगत नाही, दरवर्षीचंच आहे. दादा आणि चार जण डहाळ्या घेऊन धावले, मीही. वेटोळं आणि अॅम्प्लिफायरचा डबा वाचला, कारण चिऱ्यांभोवती मी गवत काढलं होतं, तेही बॅटरीखाली विंचू नको म्हणून. गवतातली वायर मात्र गेली. १३० मीटर. वरचं प्लास्टिक वितळून तांब्याचा काळा दोरा उरला होता, उचलायला गेले तर हातात तुकडे.

नवीन १५० मीटर, ७५० रुपये. यावेळी आधी दोन हात रुंद पट्टा साफ केला आणि वायर कातळाच्या भेगांमधून नेली, वर दगड. दोन दिवस आणि दोन्ही हातांना फोड.

३ मे

टेलिफोन. भंगारवाल्याकडून दोन घेतले, ५०० रुपयांना जोडी. एक चालू करायला, एक सुट्या भागांना. उघडून आतलं सगळं सोडवलं आणि खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा थेट कानाच्या कॅप्सूलला जोडल्या. बोलायच्या बाजूला कार्बनच्या कण्यांचा मायक्रोफोन आहे, त्याचं काम नाही, तसाच ठेवला. वेगळा अॅम्प्लिफायर लागेल असं धरून चालले होते. लागला नाही, ही जुनी कॅप्सूल फार तिखट कानाची आहे.

आणि लायटीच्या हम्म्चा प्रश्न इथे सुटला, माझी काही अक्कल न लागता. टेलिफोनची सगळी रचना माणसाच्या बोलण्यासाठी, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ. ५०, १५०, २५० तिथे पोचतच नाहीत, वरची पिलावळ उरते ती बारीक. आणि ट्वीकचं शेपूट १.७ किलोहर्ट्झवर, म्हणजे बरोबर मधोमध. मी टेलिफोन घेतला होता तो दिसायला छान म्हणून. हेडफोनपेक्षा त्यात जास्त स्वच्छ ऐकू येतं.

तसं पाहिलं तर आकाशातले असले आवाज पहिल्यांदा लोकांना टेलिफोनच्याच कानाने सापडले. पहिल्या महायुद्धात शत्रूचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकायला जर्मन लोक लांबलांब तारा टाकून बसायचे. त्यांना मध्येच शिट्ट्या ऐकू यायच्या. बार्कहाउझेन या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यावर लिहिलं. त्या शिट्ट्या म्हणजे व्हिसलर, त्यातल्या लहरी पृथ्वीच्या चुंबकरेषांवरून अवकाशात फेरी मारून येतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे इथे त्या दुर्मीळ. मला एकही मिळालेली नाही.

१२ मे

चाकरमानी आले, घर भरलं. पोरं रिसीव्हर उचलतात, "हॅलो, हॅलो" करतात आणि पळतात. मोठी माणसं जास्त वेळ ऐकतात. मुंबईच्या एका काकांनी दोन मिनिटं ऐकून लाइन खराब आहे असा निर्वाळा दिला. खरं म्हणजे बरोबर आहे, शंभर वर्षं टेलिफोन इंजिनिअरांनी हेच घालवायला जीव आटवला.

आजीने तिन्हीसांजेला, दिवा लावून झाल्यावर, पहिल्यांदा उचलला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फोडणीत मोहरी उडतेय." मग परत कानाला लावून, "तेल जरा कमी तापलंय." त्यानंतर ती रोज उचलते, आणि सकाळी मला सांगते काल कशी होती. परवा म्हणाली आज दाट आहे, कुठेतरी मोठा पाऊस असणार. मी सोलापूरकडच्या बातम्या बघितल्या, वळीव झोडपत होता. तेच ऐकू आलं असं मी म्हणणार नाही, त्या रात्री आणखी शंभर ठिकाणी विजा पडत असणार. आजी म्हणते.

१९ मे

इथे गंमत बाजूला. संध्याकाळी आपल्याच सड्यावर ढग चढले. लक्षात आलं की उघड्या कातळावर ४६० मीटर तार पसरलीय आणि तिचं खालचं टोक माणसांच्या कानाला आहे. ट्रान्सफॉर्मर असले तरी जवळ पडलेल्या विजेपुढे त्यांचं काही चालत नाही. हे मी पहिल्या दिवशी ठरवायला हवं होतं, तीन महिन्यांनी नाही.

गडग्यापाशी, घरापासून वीस मीटरवर, तारेत एक प्लग घातला. नियम : आभाळ भरून आलं, गडगडाट कानाला ऐकू आला, की प्लग काढायचा, फोन बंद. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे. आणि अशा वेळी सड्यावर कुणी जायचं नाही, वेटोळं उडालं तरी चालेल. कुणी हे करणार असेल तर प्लग आधी लावा, टेलिफोन नंतर.

२४ मे

पैसे. वाइंडिंग वायर ५२०, अॅम्प्लिफायर ३४०, ट्रान्सफॉर्मर ५६०, जंपर वायर २,४०० आणि वणव्यानंतरची ७५०, बॅटरी १,१५०, टेलिफोन ५००, डबा १८०, सोलर १,९००, पहार १५०. एकूण ८,४५०. त्यातले २,८०० मूर्खपणाचे आणि वणव्याचे, तेव्हा नीट केलं तर ५,६५० मध्ये होतं. चिवा घरचा. दिवस मोजत नाही.

८ जून

पाऊस लागला. काल दादाबरोबर जाऊन वेटोळं उतरवलं. चिव्याला खालच्या बाजूने वाळवी लागली होती, अजून पंधरा दिवसांत आपोआपच पडलं असतं. तार गुंडाळून माळ्यावर, बॅटरी घरात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या तरी आतल्या एका जोडाला हिरवी बुरशी आली, तो जोड पुढच्या वेळी एपॉक्सीत बुडवणार. जंपर वायर गडग्यातच राहू दिलीय, पावसाळा काढते का बघायचं.

फोन पडवीत तसाच आहे. सकाळी पुसायला घेतला तर बोलायच्या भोकांवर कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपायला घेतलेलं. आजी म्हणाली, काढू नको, त्या बाजूने नाहीतरी कोण बोलतंय. कानाच्या बाजूला तेवढा मलमलीचा तुकडा बांधून ठेवला.